त्या वर्षीच्या गवळणी

हिवतापानं मला एका भाद्रपदात धरलं आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत सोडलं नाही. भोरच्या दवाखान्यातल्या कडू गोळ्या खाऊन ताप गेला, पण मी उठले नाही. खरं सांगायचं तर उठायची सवयच गेली होती. कुणी विचारलं की अंगात बळ नाही म्हणायची, आणि ते निम्मं खोटं होतं. पहाटे जाग यायची. छपराकडे बघत पडून राहायची. ऊन दारात आलं की आता काय उठायचं म्हणून कूस बदलायची. हे आजारपण होतं की आळस, मला कळत नव्हतं. आजही नीट कळत नाही.

आधी मी अशी नव्हते. दिवाळीत वसुबारसेपासून आमच्याकडे अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. मध्ये कृष्ण, भोवती घागरी घेतलेल्या, ताक घुसळणाऱ्या गवळणी, लंगडा पेंद्या, आणि सगळ्यांच्या डोक्यात कारळ्याची पिवळी फुलं. भाटघरकडच्या आमच्या लहानशा गावात माझ्या गवळणी बघायला बाया मुद्दाम यायच्या. माझी गवळण कमरेत जरा वाकलेली असायची, डोक्यावर खरंच ओझं असल्यासारखी. मी चौथीपर्यंत शिकलेली, पोथ्यापुराणं मला कळत नव्हती. देवाची म्हणून मला येणारी एवढीच सेवा. ती आदल्या दिवाळीत तापामुळे चुकली, आणि याही दिवाळीत चुकणार असं दिसत होतं.

दसरा झाला तशा सासूबाई उघड बोलल्या, "पडून खायाचं तर म्हायेरी जाऊन पड. भाताची कापनी तोंडावर आलीया, मला उभं मानूस पायजे." मालकांनी मान खाली घातली आणि उत्रोलीला माझ्या भावाला निरोप धाडला, की वसुबारसेला गाडी घेऊन या. अशी धाडलेली बाई परत आणतातच असं नाही, हे आम्ही सगळेच जाणून होतो. मला मूलही नव्हतं.

मी घाबरले. तरी कामाला उठले नाही, देवीला कौल लावायला गेले. देऊळ टेकडीवर, मैलभर चढ. तिथं गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवतो. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी विचारलं, "मी बरी झाले का? कामाला हात लावू का?" दुपारपर्यंत बसले. एकही फूल हललं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. "देवी इचारात पडलीया, बाय. उद्या या," गुरवबाबा म्हणाले. घरी सांगितलं तर सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तिला बी तुज्यावानी पडून ऱ्हायाची गोडी लागली आसंल." मालकसुद्धा हसले. मला राग आला, पण देवीचा, सासूचा की माझा स्वतःचा, ते ठरेना.

चौथ्या दिवशी चढताना मध्ये बसावं लागलं नाही, हे वर पोचल्यावर ध्यानात आलं. गुरवांनी फुलं लावली. मी बाहेर आले तर देवळाच्या अंगणात एक बाई सारवत होती. पन्नाशीची, हिरवं जुनेर नेसलेली, कधी न बघितलेली. वर न बघताच म्हणाली, "कशाला आलीस गं?"

"कौलाला."

"काय म्हनती?"

"कायच न्हाई."

"मग रिकामी कशाला बसलीस? माज्या हातात काटा मोडलाय. येवडा कोपरा सारव."

"माज्यानं व्हत न्हाई. आजारी हाय मी."

"आन् वर कशी आलीस? डोलीत बसून?"

मी पदर खोचून सारवायला बसले. कोपरा झाला, मूठभर शेण उरलं. ते हातात वळत राहिले. आपण काय करतोय हे कळलं तेव्हा पायरीवर एक गवळण उभी होती. एक हात आखूड, घागर घसरलेली. मी ती मोडून पुन्हा केली. तीही वाकडीच. तिसरी करत होते तेव्हा आत घंटा वाजली.

कौलाची आठवण होऊन आत धावले. देवीचे दोन्ही खांदे मोकळे. "बाबा, फूल पडलं?"

"पडली की दोनी."

"आदी कुटलं? उजवं का डावं?"

गुरवबाबांनी डोकं खाजवलं. "ते काय ध्यानात न्हाई बा. निवदाची गडबड, झाडून काढली."

चार दिवस ज्यासाठी टेकडी चढले ते केरात गेलं होतं. त्या बाईला सांगावं म्हणून बाहेर आले तर ती नव्हती. तिची शेणाची पाटीही नव्हती. गुरव म्हणाले, "सारवायला म्या कुनाला सांगितलं न्हाई. आमची मंडळी म्हायेरी गेलीया." ती कुठल्या वाडीची होती, कोण होती, मला माहीत नाही. देवी होती असं मी म्हणणार नाही, नव्हती असंही म्हणवत नाही. अंगण मात्र ओलं होतं, आणि तिचं सारवण माझ्या कोपऱ्यापेक्षा चांगलं होतं.

वसुबारसेला पहाटे उठून मी गोठ्यातलं ताजं शेण घेतलं. कृष्ण काही केल्या बसेना. भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा मी पेंद्याचा पाय धरून बसले होते, कोपरापर्यंत भरलेली. उठले असते तर पेंद्या पडला असता, म्हणून उठले नाही. सासूबाई बाहेर आल्या. मी मनात म्हटलं, आता होईल ते होईल. त्यांनी वाकून बघितलं. "किस्न म्हनायचा का बेडूक?" म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या, "पाव्हनं, चा घ्या आन् जावा. हिचं हात भरल्यात."

पुढं पुष्कळ दिवाळ्या आल्या. मधे पुन्हा काही वेळा अंथरूण धरलं, पुन्हा उठले. उठवणारी ती देवीच, असं मी मानते. पण उठू का, हे तिला परत कधी विचारलं नाही. हात शेणात घालायचा आणि जे होईल ते तिच्या पायाशी ठेवायचं, वाकडं तर वाकडं. त्या वसुबारसेच्या सकाळी माझ्यापाशी धीर होता की विश्वास, की काहीच नव्हतं, सांगता यायचं नाही. भाऊ चहा पिऊन गेला, रिकामी गाडी उत्रोलीला परत गेली, एवढं खरं. त्याबद्दल उपकार कुणाचे मानू हे कळलं नाही, म्हणून देवीचेच मानले.