बारा पुस्तकं आणि एक माठ

पार्सल ऑफिसात सव्वीस वर्षं काढली की एक गोष्ट कळते. काही पार्सलं सोडवायला कुणी येतच नाही. ती कोपऱ्यात पडतात, त्यांच्यावर दुसरी पडतात, आणि एक दिवस साहेब ओरडला की आपल्याला आठवतं, अरे, ही इथंच आहेत. किश्शांचं तसंच झालंय माझं. ऐकणारे तुम्ही दोघं-तिघंच उरलात, म्हणून दौंडचं ते वाचनाचं वर्ष एकदाचं सोडवून टाकतो. हसण्यासारखं थोडं आहे. बाकीचं तसं नाही, हे आधीच सांगतो.

* * *

साठ सालाच्या आगंमागंची गोष्ट. रेल्वे कॉलनीत आमची इन्स्टिट्यूट होती. इन्स्टिट्यूट म्हणजे एक कॅरम बोर्ड, पुस्तकांची दोन कपाटं आणि उंच छताला लोंबणारा चाळीसचा एक बल्ब. कपाटांची किल्ली माझ्याकडे, म्हणून मी लायब्ररियन.

देशपांडे गार्ड एकदा म्हणाले, "आमची ही सोळा सोमवार करते. आपण बारा पुस्तकं करू. महिन्याला एक, आणि दर महिन्याला विषय वेगळा."

नियमही त्यांनीच केले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला जमायचं. प्रत्येकानं उभं राहून आपल्या पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि पुस्तकात काय आहे ते सांगायचं. ज्याचं वाचन झालं नाही, त्यानं पुढचा महिनाभर रोज सकाळी इन्स्टिट्यूटचा माठ भरायचा. नळ दोनशे पावलांवर होता. त्या माठाच्या धाकानं लोक वाचायला लागले, साहित्याच्या प्रेमानं नव्हे.

नऊ जणांनी नावं दिली. दहावं नाव आलं गायकवाड मामांचं, तेव्हा सगळे चाट पडले. मामा ड्रायव्हर. मनमाडची पॅसेंजर त्यांच्याकडे. बावीस वर्षांत त्यांच्या हातात टाइमटेबलाशिवाय दुसरं पुस्तक कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांचं कारण मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. त्यांच्या डोळ्यांबद्दल शेडमध्ये कुजबुज सुरू झाली होती, आणि वाचनाचं वर्ष संपलं की लगेच जानेवारीत त्यांची मेडिकल होती. डोळ्यात फेल झाला की ड्रायव्हरला इंजिनावरून उतरवतात आणि कुठंतरी स्टुलावर बसवून ठेवतात. मामांना त्या स्टुलाची मरणाची भीती. महिन्याला एक पुस्तक वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांबद्दल कोण बोलणार, असं त्यांना वाटलं असावं.

* * *

जानेवारीचा विषय प्रवास. देशपांड्यांनी हिमालयावरचं एक पान वाचलं आणि पुस्तक मिटून म्हणाले, "मी पंचवीस वर्षं प्रवासच करतोय. पण गार्डच्या डब्यातून. मला सगळं मागं गेल्यावर दिसतं."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. बायकोला समुद्र दाखवायचा राहिलाय, एवढं म्हणून खाली बसले. वहिनींनी तो शेवटपर्यंत पाहिला नाही.

मामांनी त्या दिवशी खणखणीत आवाजात पान वाचलं. कुठं अडखळले नाहीत. मीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

* * *

मे महिन्याचा विषय विनोद. बुकिंगचे पवार उभे राहिले. पंधराच दिवसांपूर्वी त्यांची आई गेली होती, डोकं अजून तुळतुळीत. देशपांडे म्हणाले, "पवार, राहू द्या हो. तुम्हाला माठ नाही लावणार."

"नको. नियम म्हणजे नियम," असं म्हणून पवारांनी वाचायला सुरुवात केली. एक माणूस सासुरवाडीला जातो आणि बैल त्याचं धोतर खातो, असलं काहीतरी होतं. आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसलो. पान संपता संपता पवारच हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मग कुणीतरी उठून त्याच माठातलं पाणी त्यांना दिलं.

पुढं कित्येक वर्षं तिकीट काढताना त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायला मला जड जायचं.

* * *

जूनला रहस्य. दोन्ही कपाटांत मिळून रहस्यकथा एकच, आणि वाचणारे दहा. मग आम्ही तिची शिवण उसवून दहा तुकडे केले आणि एकेक वाटून घेतला. शेवटचा तुकडा ज्या फिटरकडे गेला, त्याची चार दिवसांत भुसावळला बदली झाली, आणि सामानाबरोबर तुकडाही गेला. आजतागायत तो खुनी सापडलेला नाही.

पण मला आठवते ती गायकवाड मामी. केडगावच्या मिशनच्या शाळेत शिकलेली बाई, बोलणं मोजकं आणि स्वच्छ. ती घरोघरी जाऊन एकेक तुकडा मागून नेत होती, तेही क्रमानं. माझ्याकडचा न्यायला आली तेव्हा मी म्हणालो, "मामी, मामांना त्यांचा तुकडा पुरत नाही वाटतं?"

"नाही ना. पहिल्यापासून लागतं त्यांना सगळं. अर्धवट ऐकून झोप लागत नाही म्हणतात."

"ऐकून?"

मामीनं खाली बघितलं. "वाचून म्हणायचं होतं मला," असं म्हणाली आणि तुकडा पदराखाली घेऊन गेली.

मामी घरी पुस्तक वाचत होती आणि त्यातलं एक पान मामा पाठ करत होते, हे मला त्या दिवशी कळलं. खोटेपणानं सुरू झालं होतं, पण गोष्टींचा नाद मात्र त्यांना खरोखरच लागला होता. मी कुणाला काही बोललो नाही.

* * *

मामांच्या इंजिनावर फायरमन होता शिंदे, शिरूरकडचा, म्हणजे माझ्याच गावाकडचा. त्याला अक्षरओळख बेताचीच. तरी दर वाचनाला मामांबरोबर यायचा, त्यांच्या शेजारी बसायचा आणि त्यांच्याबरोबरच उठायचा. इंजिनावर असा रिवाज, की सिग्नलचा हात खाली पडलेला, म्हणजे रस्ता मोकळा दिसला, की ड्रायव्हर मोठ्यानं 'डाऊन' म्हणतो आणि फायरमन त्याला दुजोरा देतो. एकदा मी पार्सलं चढवून इंजिनाजवळ उभा होतो. शिंदे आधी बोलला, "मामा, डाऊन हाय." मग मामा म्हणाले, "डाऊन."

गाडी परतल्यावर मी शिंद्याला चहाच्या टपरीवर गाठलं. "खरं सांग. त्यांना दिसतं का?"

"दिवसा दिसतंय थोडं. दिस मावळला की मग माझ्यावर." त्यानं कपातला चहा बशीत ओतला. "इंजनात आमी दोघं असतोय, सायेब. चार डोळं. त्यातलं दोन चालत्यात."

"आणि तुझ्या डोळ्यात कोळशाचा कण गेला तर?"

"अजून न्हाई गेला," शिंदे म्हणाला.

परतीची गाडी दिवेलागणीनंतर दौंडात यायची. मी रोज तिच्यातून पार्सलं उतरवत होतो. माणसंही उतरत होती, कडेवर पोरं असलेल्या बायका उतरत होत्या. मी मात्र मामांचं स्टूल डोळ्यांपुढं आणून गप्प बसलो. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटायला लागली, पण पुष्कळ उशिरा.

* * *

नोव्हेंबरचा विषय पशुपक्षी. उन्हाळ्यात साडेसहाला उजेड असायचा, आता बाहेर मिट्ट काळोख होता. मामांची पाळी शेवटची. उभे राहिले, पुस्तक नाकासमोर धरलं आणि वाचायला लागले. तळ्यावरच्या बगळ्याचं पान होतं. बगळा एका पायावर उभा आहे, पाणी हलत नाही, असं काहीतरी.

आणि लाइट गेली.

सगळ्या कॉलनीचीच गेली. शेजाऱ्याचं तोंड दिसेना. मामा वाचतच राहिले. तोच आवाज, तोच वेग. बगळा मान वाकवतो, मासा धरतो. मग बोट ओलं केल्याचा आणि पान उलटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. माझ्या शेजारी देशपांडे होते. दुसऱ्या दिवशी मामांच्याच गाडीला शेवटच्या डब्यात त्यांची ड्यूटी होती. त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

बगळा उडून गेला आणि लाइट आली.

"संपलं," मामा म्हणाले. एरवी टाळ्या व्हायच्या. आज कुणी हललं नाही. मामांनी कानोसा घेतला. "काय झालं? कुनी बोलत का न्हाई?"

शेवटी शिंदे उठला. "लाइट गेलती, मामा."

"कवा?"

"बगळ्यानं मान वाकवायच्या आदुगर."

"आन् आली कवा?"

"आत्ता."

मामांनी पुस्तकावरून एकदा हात फिरवला. मग देशपांडे नेहमी बसायचे त्या बाजूला तोंड करून म्हणाले, "गार्डसाहेब, उद्या माझ्याजागी दुसऱ्याला लावा म्हनावं. मी सकाळी डॉक्टरसाहेबांकडं जातो." आणि पुस्तक पुढं केलं, ते मी घेतलं. "लायब्ररियन, ह्या महिन्याचं माझं धरू नका. मी वाचलं न्हाई."

आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, माठाचं राहू द्या म्हणून. पवारांनी हातसुद्धा जोडले.

डिसेंबरभर रोज सकाळी मामा माठ भरायला येत होते. मामीनं घागरीला हात लावायचा नाही, अशी त्यांची ताकीद. ती चार पावलं मागं चालायची. मी त्या महिन्यात इन्स्टिट्यूटमध्ये पाणी प्यायलो नाही, घरी जाऊन प्यायचो. एकदा मुद्दाम लवकर जाऊन दारात उभा राहिलो. मामा घागर ओतत होते, मान वाकडी करून, कान माठाच्या तोंडाशी नेऊन. आवाज बारीक होत गेला तसा त्यांनी हात आवरला.

माठ काठोकाठ भरला होता, आणि खालची फरशी कोरडी होती.