भाचीच्या लिंकचं शेपूट

मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असा गावात एक गैरसमज आहे. तो मीच पसरवलेला. मेडशीत एसटी थांब्याजवळ माझं ऑनलाइन केंद्र आहे. पीकविमा, दाखले, परीक्षेचे फॉर्म. स्क्रीनकडे बघून भुवया आकसल्या की समोरचा माणूस आपोआप ‘सर’ म्हणतो, एवढंच काय ते माझं शिक्षण.

माझी भाची, म्हणजे चुलत बहिणीची मुलगी, पुण्याची नोकरी सोडून गावी आली आणि व्हिडिओ करू लागली. फवारणीचा पंप, कुकर, टॉर्च असं काहीबाही स्वतः वापरून बघायची आणि आपल्या बोलीत खरं ते सांगायची. व्हिडिओखाली त्या वस्तूची लिंक, आणि लिंकच्या टोकाला शेपटासारखा तिचा कोड. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की तिला कमिशन. बापानं मुदत घातली होती: वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, संपेपर्यंत यातून काही दिसलं तर राहा, नाहीतर परत पुणं.

वर्षावासात आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचायचं काम माझ्याकडे, आवाज मोठा म्हणून. एकदा वाचन संपल्यावर भाचीच्या घराशेजारची मावशी उठली. “पोरगी आपली हाय. कायी मागवायचं असंन तं तिच्याच लिंकवरून मागवा. दुसरीकडून कायले घेता?”

सगळे हो म्हणाले. मी त्यात भर घातली, “मोबाइलवर कोणी करू नका, फसान. माह्याकडं या.”

आणि आले हो. मावशीचा कुकर, कुणाचा पंप, कुणाची सायकल, सगळं माझ्या हातानं मागवलं. कॉम्प्युटरवर मी नुकतंच एक फुकटचं एक्स्टेन्शन टाकलं होतं, म्हणजे ब्राउझरला चिकटवलेलं जोडकाम. ते म्हणे आपोआप कूपन शोधून वस्तू स्वस्त करून देतं. कूपन एकदाही सापडलं नाही. पण कोपऱ्यात त्याचं हिरवं चिन्ह लुकलुकायचं आणि गिऱ्हाईकावर छाप पडायची. लिंक उघडताना पान एकदा झटका खायचं. मी सांगायचो, “नेटवर्क हाय, जरा अडखळते.”

महिना झाला. भाची उतरलेल्या चेहऱ्यानं केंद्रात आली. “मामा, लोकं लिंक उघडून राह्यले, थे दिसते. पण खरेदी एकाचीबी नाई.”

तेव्हा मी स्वतःवर सोडून सगळ्यांवर संशय घेतला. म्हणालो, “इथं मागवतात अन् घरी जाऊन रद्द करतात. पोटात दुखते लोकायच्या.”

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? त्या संध्याकाळी विहारात पंचशील झालं आणि मी चौथ्या शीलावर घसरलो. खोटं न बोलण्याचं शील. तोंडावर हो म्हणायचं आणि मागून आपल्याच लेकीचे पाय ओढायचे, याला काय म्हणावं, वगैरे. आवाज मोठा आहे, हे वर सांगितलंच.

मावशी ताडकन उठली. “माह्या घरी कुकर शिट्ट्या मारून राह्यला. थो का रद्द झालेला हाय?”

लोक हसले. हशात माणूस हरतो, म्हणून मी म्हणालो, “थो दुसरीकडून आणला असंन.”

मावशी दाराकडे वळली. चपला घालून निघून गेली. भाचीनं माझ्यावर विश्वास ठेवला. शेजारी असून तिनं मावशीशी बोलणं टाकलं आणि पुण्याला जायची बॅग काढली.

जाण्याआधी शेवटचा म्हणून तिनं एक व्हिडिओ ठरवला: लिंकवरून वस्तू कशी मागवायची. त्यासाठी माझ्याच कॉम्प्युटरवर स्क्रीन रेकॉर्ड केली. मग ते रेकॉर्डिंग हळू चालवून बघताना तिनं बोट ठेवलं. “मामा, हे काय?”

लिंक उघडली, शेपटाला तिचा कोड होता. पानानं झटका खाल्ला. कोड बदलला. कुणा परक्याचा तिथं येऊन बसला, म्हणजे कमिशनही त्यालाच. तिनं हिरवं चिन्ह काढून टाकलं आणि पुन्हा लिंक उघडली. झटका नाही. तिचा कोड जागच्या जागी.

“हे कोणं टाकलं?”

“मी,” म्हणालो. आयुष्यात प्रथमच आवाज लहान निघाला.

तिनं वस्तू विकणाऱ्या कंपनीला लिहिलं. झालेल्या खरेद्या तिच्या नावावर येणार नाहीत, असं उत्तर आलं.

संध्याकाळी वाचनाआधी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मावशीनं मान वर केली. “मले खोटी म्हणतानी तुले एकडाव घरी येऊन कुकर पाह्यता आला नाई?”

केंद्रापासून तिचं घर चार पावलांवर आहे.

मग ती भाचीच्या बापाकडे वळली. “लोकायनं घेतलं. पोरीनं मेहनत केली. खाल्लं याच्या मशीननं. तिले कायले धाडता?”

“थांबू दे मंग,” बाप एवढंच म्हणाला.

भाची उठली आणि मावशीजवळ जाऊन बसली. दोघींत काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. मला ऐकू यावं असं कुणाला वाटतही नव्हतं. कुणीतरी ग्रंथ उचलून शाळेत जाणाऱ्या एका मुलीच्या हातात दिला. ती अडखळत वाचू लागली. मी मागे, दाराजवळ बसून ऐकलं.