अक्काचं शवासन

बनशंकरीतल्या एका वर्गात आम्ही मुलांना योग शिकवायला शिकत होतो. एकीने शिकवायचं, दुसरीने मूल व्हायचं. माझ्या वाट्याला आलेली अक्का पन्नाशीची होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. मांजर, बेडूक करून दाखवताना ती मला पोट धरून हसायला लावायची.

एके दिवशी शेवटी शवासन आलं. मी अतिशहाणी, श्वास रोखून अगदी निपचित पडले. तिच्या सूचना थांबल्या. मग माझ्या नाकाशी तिची बोटं आली.

“स्वल्प तरी हल गं,” ती म्हणाली. “माझा मुलगा असाच निजला, तो उठलाच नाही.”

चटई तिथेच टाकून ती गेली, ती परत आली नाही.

आता मी मुलांना शिकवते. शवासनात ती चुळबुळतात, तेव्हा बरं वाटतं. एखादं अगदी शांत पडलं, की माझी बोटं त्याच्या नाकाशी जातात.