आधी माझं तोंड बघा

मल्लव्वाच्या रिक्षात बसायचं तर आधी तिची परीक्षा द्यावी लागायची. रिक्षा थांबली की ती इंजिन बंद करायची, खाकी सदऱ्याची कॉलर सारखी करायची आणि अख्खी मागं वळायची.

"बसू नगासा. मोबाईल काढा. फोटो बघा. आता माझं तोंड बघा. एकच हाय न्हवं?"

"एकच आहे की हो."

"मागं जाऊन नंबर बघा. जुळतोय? आता मला इचारा, कुणाला न्यायला आलाय म्हणून."

"मावशी, उशीर होतोय मला."

"हू दे. तुमी 'मल्लव्वाच न्हवं?' असं इचारलासा तर रस्त्यावरचा कुणीबी 'व्हय' म्हणंल. आपण नाव द्यायचं न्हाय. समोरच्याच्या तोंडातनं काढून घ्यायचं."

मग ती स्वतःच प्रवाशाचं नाव सांगायची, खात्री पटवायची आणि त्यानंतर रिक्षा हलायची. दसरा चौकाजवळच्या एका हॉलमध्ये ॲपवाल्या कंपनीनं चालकांना अर्धा दिवस शिकवलं होतं. बाकीचे चहाबिस्किटं खाऊन विसरले. मल्लव्वानं मात्र ते सोमवारच्या उपासासारखं धरलं. ॲपवर 'महिला चालक' अशी खूण करून बायका तिला बोलवत. ज्या बाईनं बाई मागितलीय, तिला बाईच मिळाली पाहिजे, एवढं साधं तिचं म्हणणं होतं.

रिक्षा मूळची तिच्या नवऱ्याची, चन्नाप्पाची. साखरेच्या आजारानं त्याची नजर गेली आणि वयाच्या चाळिशीत मल्लव्वानं हँडल धरलं. शिकवलं धाकट्या भावानं, सोमेशनं. कळंब्याच्या तुरुंगाकडच्या मोकळ्या रस्त्यावर तो शेजारी कडेला बसायचा आणि ओरडायचा, "अक्का, क्लच सोड की! म्हशीचं शेपूट धरल्यागत काय धरलीयास!" ती रागवायची नाही. कागलच्या पलीकडच्या गावात आई गेली तेव्हा सोमेश चार वर्षांचा होता. आईनं त्याचा हात मल्लव्वाच्या हातात दिला होता, आणि लग्न होऊन कोल्हापूरला येताना मल्लव्वा त्याला बरोबर घेऊन आली होती. अजूनही ती त्याला 'तम्मा' म्हणायची. त्यांच्याकडं कानडीत धाकट्या भावाला तसंच म्हणतात.

सोमेशही रिक्षावालाच. पण त्याचं ॲपवरचं खातं कंपनीनं वर्षापूर्वी बंद केलं होतं. "गिऱ्हाइकाशी जरा शब्दाला शब्द झाला," एवढंच तो सांगायचा. म्हणून मग ठरलं, की सकाळी मल्लव्वानं ॲपवर रिक्षा चालवायची आणि जेवणानंतर ती सोमेशला द्यायची. त्यानं स्टँडवर उभं राहून हात दाखवतील ती गिऱ्हाइकं घ्यायची.

ॲपला रोज चालकाचा चेहरा लागायचा. मोबाईल समोर धरायचा, त्यातली बाई सांगेल तशी मान वळवायची, की काम झालं. मल्लव्वाचा नोंदणीचा फोटो कपाळावर विभूतीच्या तीन पट्ट्यांसकट काढलेला. एकदा घामानं विभूती पुसली गेली होती आणि नेमका त्याच दिवशी चेहरा जुळला नाही. तेव्हापासून तिनं मनाशी घेतलं, की यंत्र विभूती ओळखतं. खरंखोटं त्या यंत्रालाच ठाऊक. सोमेश मात्र म्हणाला होता, "व्हय अक्का, कपाळ बघूनच जुळवतंय ते."

गेले दोन महिने सोमेश जेवून उठला की म्हणायचा, "अक्का, दुपारचाबी फोटो मागाय लागलंय ॲप. न्हाय दिला तर उद्या सकाळी चालू हुणार न्हाय." मल्लव्वा उठायची, देव्हाऱ्यापुढं बसायची, विभूतीची तीन बोटं कपाळावर नीट ओढायची आणि त्याच्यासमोर उभी राहायची. तो आपलाच मोबाईल धरायचा. "तुझा कॅमेरा लई धुरकट हाय." ती बघायची. तिकडून आवाज यायचा, हिरवी खूण उमटायची, आणि सोमेश किल्ली घेऊन जायचा.

एका सोमवारी धोंडुबाई रिक्षात बसली. ती देवळाबाहेर फुलं विकायची आणि रोज सकाळी टोपलीसकट मल्लव्वाबरोबर जायची.

"गुडघा कसा हाय गं?"

"कुणाचा?"

"तुझा की. काल दुपारी तुझी रिक्षा बोलावली तर तुझा भाऊ आलता. अक्काला गुडघ्यानं बसवलंय म्हणला."

"माझा गुडघा घोड्यागत हाय. दुसऱ्या कुणाच्या रिक्षात बसला असशीला तुमी."

"म्हातारी झालोय, आंधळी न्हाय," असं म्हणून धोंडुबाई फणकाऱ्यानं उतरली.

बुधवारी बँकेतल्या अवंतिकाबाईंनी उतरताना तिच्या हातात तेलाची बाटली ठेवली. "रात्री चोळून झोपा. आणि दोन दिवस विश्रांती घेतली तर काय बिघडतंय?" मल्लव्वानं बाटली घेतली. विचारायचं होतं, पण मागची बस हॉर्न देत होती. दिवसभर ती बाटली पायाशी घरंगळत राहिली.

शुक्रवारी दवाखान्याच्या गेटवर शिवांजली दिसली. शाहूवाडीकडची पोरगी, नर्सिंगला होती, कळंब्याला खोली घेऊन राहायची. मल्लव्वाची ती लाडकी. परीक्षा न देता बसायला निघाली तर मल्लव्वा तिला दोनदा खाली उतरवायची आणि दोघी हसायच्या. आज पोरीनं रिक्षा बघितली आणि नजर फिरवली.

मल्लव्वानं रिक्षा कडेला लावली. "काय गं? वळख इसरलीस?"

"गुडघा बरा आहे का, मावशी?"

मल्लव्वा खाली उतरली. पोरीसमोर चार पावलं चालली, परत आली. "बघ. आता सांग, काय झालंय ते."

शिवांजली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "परवा चारला ड्यूटी सुटली. मी तुम्हाला बोलावलं. ॲपवर तुमचा फोटो, तुमचं नाव, हाच नंबर. आणि आला एक माणूस. म्हणाला, मल्लव्वा माझी अक्का, तिला बरं नाही, बस."

"आणि बसलीस?"

"तुमचा भाऊ म्हणाला ना." पोरगी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून बोलली. "दुसरा कुणी असता तर मागं सरले असते. तुम्हीच शिकवलंय. पण म्हटलं, मावशींचा भाऊ. घरातलंच माणूस."

"फुडं?"

"वाटेत त्याचे दोन दोस्त चढले. एक माझ्या शेजारी बसला. खोलीचा रस्ता सोडून तळ्याकडं वळले. म्हणाले, चहा पिऊन जाऊ, घाई काय आहे. मी फोन कानाला लावला आणि भावाशी बोलतेय असं दाखवलं. इथं आलेय, रिक्षाचा नंबर हा, असं मोठ्यानं सांगितलं. भाऊ मला नाहीच मुळी. स्पीड ब्रेकरला रिक्षा हळू झाली तशी उतरले."

"हात लावला कुणी?"

"नाही. हसत होते नुसते. उतरल्यावर पण हसले."

"कंपनीला कळवलंस?"

"नाही."

"का गं, बाई?"

"तुमचं नाव होतं ना त्याच्यावर," शिवांजली म्हणाली आणि गेटातून आत गेली.

मल्लव्वानं त्यानंतर एकही भाडं घेतलं नाही. घरी आली, भाकरी थापल्या. चन्नाप्पा दाराशी बाजेवर बसला होता. त्यानं नुसत्या चाहुलीनं ओळखलं. "आज लवकर?" दीड वाजता सोमेश आला, हातपाय धुतले, पाटावर बसला.

"अक्का, झुणका झाक झालाय."

"जेव."

तो पोटभर जेवला. ताक प्यायला, ढेकर दिला आणि सवयीनं मोबाईल काढला. "ये. बघ इकडं." मग त्यानं वर बघितलं. "विभूती लाव की. पुसलीया."

"पुसली न्हाय. मीच धुतली. आणि त्या मोबाईलसाठी परत लावणार न्हाय."

"मग उद्या सकाळी..."

"माझं ॲप माझ्या मोबाईलवर चालू हुतंय, तम्मा. सकाळी, एकदा. दुपारचा फोटो कुणाला लागतोय?"

सोमेश हसला. लहानपणी गूळ खाऊन तोंड पुसताना हसायचा, तसाच. "तुला कुणी काय सांगितलं?"

"मोबाईल दाव."

"अक्का, ऐक तर..."

"दाव."

त्यानं तो पाटाशेजारी ठेवला. पडद्यावर ॲपचं तिचंच खातं उघडं होतं, तीन पट्ट्यांचा फोटो, खाली तिचं नाव. नावाखाली लिहिलं होतं, चेहरा पडताळणी बाकी.

बाजेवरून चन्नाप्पा म्हणाला, "मग तुला म्हाईत नव्हतं?"

मल्लव्वा गरकन वळली. "तुमास्नी हुतं?"

"दिसत न्हाय, पर ऐकू येतंय की. रोज दुपारी त्याच्या मोबाईलमधली बाई बोलायची, मल्लव्वा, आपले स्वागत आहे. मला वाटलं, बहीणभावानं ठरवूनच केलंय. मी कशाला मधी बोलू?"

घरात दोन माणसं, एकानं फसवलं आणि दुसरा ऐकत बसला.

"आता एवढं काय झालं?" सोमेशचा आवाज चढला. "रिक्षा तुझी, भाऊ तुझा. कोण परका बसवला व्हय? स्टँडवर दिवसभर माश्या मारायच्या आणि हितं तुझ्या नावावर पटापट भाडी येत्यात. बायकास्नी घरी नेऊन सोडलंच की."

"शिवांजलीला सोडलंस?"

"ती? नाटकी पोरगी हाय ती. मस्करी कळत न्हाय. आमी काय खाणार हुतो तिला?"

"तू परका असतास तर ती बसलीच नसती, तम्मा. मी सगळ्यास्नी सांगत फिरलो, फोटो बघा, तोंड बघा, नंबर बघा. तिनं सगळं बघितलं. चुकली ती एकाच जाग्याला. तू माझा हायस म्हणाली आणि चढली."

"दाजी, तुमी तरी सांगा हिला."

चन्नाप्पानं मान दुसरीकडं वळवली.

मल्लव्वानं हात पुढं केला. "किल्ली."

सोमेशनं किल्ली पाटावर आपटली. तिनं ती कमरेला खोवली आणि स्वतःच्या मोबाईलवरून कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. तो तसाच उभा राहून ऐकत होता. तिकडून एका तरुण मुलीनं नाव, नंबर विचारला, खातं उघडून बघितलं.

"मॅडम, रोज दुपारी तुमच्याच चेहऱ्यानं पडताळणी झालीय. प्रत्येक वेळी जुळलाय."

"व्हय. चेहरा माझाच हाय. रिक्षात मी नव्हतो."

"म्हणजे तुम्ही दुसऱ्या माणसासाठी चेहरा दिला?"

काय उत्तर द्यावं? मला फसवलं म्हणावं, तर त्याच्यासमोर दोन महिने रोज विभूती लावून कोण उभं राहिलं होतं? "दिला," मल्लव्वा म्हणाली. "माझ्या सख्ख्या भावासाठी. नाव लिवून घ्या. सोमेश."

खातं चौकशी होईपर्यंत बंद राहील, असं मुलीनं सांगितलं. मल्लव्वानं फोन ठेवला तेव्हा सोमेशनं चप्पल पायात सरकवली होती.

"भावाचं नाव दिलंस. आईनं तुझ्या हातात दिलतं मला."

"व्हय," मल्लव्वा म्हणाली. "ध्यानात हाय माझ्या."

तो गेला. त्याचं ताट तिनं बराच वेळ उचललं नाही.

चौकशी महिनाभर चालली. तोवर ती स्टँडवर उभी राहून हात दाखवतील ती गिऱ्हाइकं घेत होती. धोंडुबाईला तिनं सगळं सांगितलं. धोंडुबाई म्हणाली, "मी म्हणलं नव्हतं, आंधळी न्हाय म्हणून?" आणि जाताना एक गजरा हँडलला बांधून गेली. अवंतिकाबाईंनाही खरं सांगून तेलाची बाटली परत दिली, तर त्यांनी ती घेतली आणि पुन्हा काही रिक्षा बोलावली नाही. घरी चन्नाप्पा दोन वेळा म्हणाला, "मी बोलायला पायजे हुतं." तिनं त्याला वाढलं, औषध दिलं.

खातं परत सुरू झालं ते नवा फोटो घेऊन. कंपनीच्या कचेरीतला माणूस म्हणाला, "जरा प्रसन्न चेहरा ठेवा." जमलं नाही.

चौथ्या दिवशी, दुपारी चारला, मोबाईल वाजला. शिवांजली, दवाखाना ते कळंबा. मल्लव्वाला वाटलं, चुकून बोलावलं असेल. पण रद्द झालं नाही. गेटवर ती उभी होती, खांद्याला पिशवी, हातात मोबाईल.

मल्लव्वानं इंजिन बंद केलं, मागं वळली आणि हसू चेहऱ्यावर आणलं. "काय गं पोरी, बरी..."

शिवांजली हसली नाही. तिनं मोबाईलमधला फोटो बघितला, मग मल्लव्वाचं तोंड बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. रिक्षाच्या मागं गेली, नंबर वाचला. पुन्हा पुढं आली आणि दोन हात लांब उभी राहिली.

"कुणाला न्यायला आलाय?"

हाच प्रश्न मल्लव्वानं शेकडो बायकांना शिकवला होता. शिकवताना ती हसायची, त्याही हसायच्या. कुणी खरोखर उत्तराची वाट बघत तिला तो विचारला नव्हता.

"शिवांजलीला," ती म्हणाली. मग पुरतं सांगितलं, "शिवांजलीला न्यायला आलोय. कळंब्याला."

पोरगी बसली. पूर्वी मधोमध बसून पुढं वाकून गप्पा मारायची. आज कडेला बसली, उतरायच्या बाजूला, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

मल्लव्वानं किल्ली फिरवली. मग थांबली, हात वर केला आणि समोरचा आरसा थोडा वळवला. मागचा रस्ता त्यात आता नीट दिसत नव्हता. पण मागं बसलेल्या पोरीला वाटभर चालवणारीचं तोंड दिसत राहणार होतं.