फक्कीचा अंगठा

मैदानावर चाळीस वर्षं काढली की किस्से रेषा आखायच्या पांढऱ्या फक्कीसारखे अंगाला चिकटतात. धुतले तरी जात नाहीत.

मी चौथी शिकलो. राळेगावजवळ पोरींना खो-खो शिकवतो. नियम एकच. आज जी टोळी हरली, तिनं उद्या सकाळी मैदान आखायचं. दोन खांब, मधे आठ चौकोन.

पिंकीचा बाप भांडायला आला. "भाऊ, माह्या पोरीले मजूर समजता काय?"

"नाही. हरलेली समजतो!"

चार दिवस आखलं तिनं. पाचव्या दिवशी डोळे मिटूनही तिला चौकोन सापडत होते.

*

एक टोळी सदा जिंकायची. फक्कीला कधी हात नाही. वणीला सामना होता, तिघी रेषेबाहेर बाद झाल्या.

"काका, रेष दिसलीच नाही!"

"कधी आखली नाही, तर दिसन कशी?"

*

शेवंता मात्र पळण्यात रोज हरायची. पाय जड. टोळी नऊ जणींची, ही दहावी. आखायला पहिली. शेवटचा चौकोन झाला की कोपऱ्यात फक्कीचा अंगठा उठवायची. तिचीच खूण.

"काका, मले कवा बसवता?"

"पळता आलं की."

रोज विचारायची. रोज मी तेच सांगायचो. मला वाटायचं, हरूनच माणूस शिकतो.

श्रावणात ताप आला. आठव्या दिवशी गेली.

*

त्यानंतरच्या सोमवारी मैदान आखलेलं होतं. चौकोन नऊ. नवव्याच्या कोपऱ्यात अंगठा.

"कोणी चावटपणा केला?" टोळीतली वैशाली रडायला लागली.

मी पायानं पुसला. फक्कीचं टोपलं खोलीत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कंबरेला. मंगळवारी पुन्हा नऊ. टोपलं आत, कुलूप जसंच्या तसं.

बुधवारी पुसला नाही.

*

त्याच दिवशी खेळ लावला. आठ चौकोनांत आठ जणी बसल्या, नववा रिकामा. त्याच्या शेजारी पिंकी. वैशाली पाठलागावर.

मधेच पिंकी ताडकन उठली. मी शिट्टी मारली. "पिंके, खो नसताना काहून उठली?"

"खो देल्ला न काका! पाठीवर थाप मारली, जोरात."

वैशाली पल्याडच्या खांबापाशी होती. गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत.

"वळ," मी पिंकीला म्हटलं. ती वळली. निळ्या सदऱ्यावर, बरोब्बर पाठीमध्ये, फक्कीचा अंगठा.

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. फाउल द्यायचा होता.

शिट्टी खिशात टाकली.

"खो बरोबर हाय," म्हटलं. "पळ."