तव्यावर टेकवलेले अंगठे

माझ्या आत्याने स्वतःचे दोन्ही अंगठे तापलेल्या तव्यावर दाबून धरले, तेव्हा अंगणात ऑटो उभा होता. तिला रजिस्ट्रीच्या ऑफिसात न्यायला तिच्या दिराच्या मुलाने तो आणला होता.

मला हे कळलं ते बसस्टँडवर तिच्या शेजारी बसून भाजी विकणाऱ्या बाईकडून. "लवकर ये वं माय, थो तुह्या आत्याले जित्ती ठेवत नाई," एवढंच ती फोनवर बोलली. मी धनजच्या आमच्या वावरात वांगी तोडत होते. टोपली तिथेच टाकून निघाले. दोन बस बदलून शिरपूरला पोचेपर्यंत ऊन कललं होतं.

आत्या चुलीजवळ भिंतीला खांदा टेकून बसली होती. डावा डोळा सुजून बंद झालेला, खालचा ओठ फाटलेला. हात परातीतल्या पाण्यात बुडवलेले. तिने ते वर काढले आणि मी तोंड फिरवलं. अंगठ्यांची कातडी सोलून निघाली होती.

"त्यानं जाळलं?" मी विचारलं.

"मारलं त्यानं. जाळलं म्या."

आत्याला मूलबाळ नव्हतं. दीर आणि जाऊ एका अपघातात गेले, तेव्हा त्यांचा मुलगा चार वर्षांचा होता. आत्याने त्याला पोटच्यासारखं वाढवलं. तो तिला मोठी माय म्हणायचा. पुढे तिचा नवराही गेला. मग गावाबाहेरच्या दीड एकरात ती एकटीच दोडकी, कारली, भेंडी, पालक पिकवायची आणि शिरपूरला दर्शनाला येणाऱ्या जैन यात्रेकरूंच्या भोजनशाळेत पोचवायची; उरलेली बसस्टँडवर विकायची. तिथे कांदा, बटाटा, लसूण चालत नाही, त्यामुळे तिने ते कधी लावलेच नाहीत.

साठी उलटल्यावर तिला ऐकू कमी येऊ लागलं. तेव्हा पुतण्या म्हणाला, "मोठी माय, घर माह्या नावावर कर. मी हाओ ना तुले पाह्याले." तिने हसत बक्षीसपत्रावर अंगठा दिला. आम्हाला पेढे वाटले. त्या पेढ्यांतला एक मीही खाल्ला होता, आणि काही विचारलं नव्हतं.

पहिली थप्पड त्यानंतर तीन महिन्यांनी बसली. वरणात मीठ जास्त झालं होतं. मग तिची खाट गोठ्यात गेली. निराधाराची पेन्शन आली की तो तिला गाडीवर बसवून न्यायचा, मशीनवर तिचा अंगठा लावायचा आणि परत आणून सोडायचा. दीड एकर रस्त्याला लागून होतं. तिथे प्लॉट पाडायचं त्याच्या डोक्यात बसलं. या वेळी आत्या नाही म्हणाली. त्याने तिला दोन दिवस भाकर दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं मनगट पिरगाळून अंगठा ओट्यावर दाबला आणि सांगितलं, "असा दाबाचा. सायबासमोर तोंड उघडलं तं इहिरीत टाकीन."

मग तो ऑटोवाल्याशी बोलायला बाहेर गेला, आणि आत्याने चुलीवरचा तवा पाहिला.

परत आल्यावर त्याने आधी लाथ घातली. मग चुलीतलं जळतं लाकूड ओढून तिच्या पाठीवर हाणलं. ऑटोवाला मध्ये पडला नसता तर तो थांबला नसता. त्या माणसाने पुतण्याला ढकलून बाहेर काढलं आणि पुढे साक्षही दिली.

दवाखान्यात पट्टी बांधता बांधता सिस्टर थबकली. "दोनच अंगठे? चटका असा निवडून बसते का?" आत्याने तिच्याकडे पाठ केली. तिचं लुगडं पाठीला चिकटलं होतं. ते पाणी टाकून सोडवताना ती एकदाच विव्हळली.

पोलीस स्टेशनच्या पायरीवर मी तिला म्हणाले, "आत्या, अंगठेही त्यानंच जाळले म्हणून सांग. थो पुरा अंदर जाते मंग."

"काहून सांगू? खोटं हाय थे."

"त्यानं काय खरं केलं तुह्यासंग?"

"त्यानं मारलं, थे मी सांगन. बाकी मी नाई बोलत."

मला तिचा इतका राग आला की तिला तिथेच सोडून घरी जावंसं वाटलं. पण आत गेल्यावर तिने मार, लाथ, लाकूड, उपासमार, सगळं सांगितलं. अंगठ्यांचंही जसं झालं तसंच सांगितलं. तक्रार लिहून घेणाऱ्या महिला हवालदाराने पेन खाली ठेवलं. मग मला म्हणाली, "माराहाणीची केस इथं चालन. पण घर वापस पाह्यजे असन तं वाशीमले एसडीओ सायबाकडे अर्ज द्या. म्हाताऱ्या मानसाईसाठी कायदा हाय. वकील लागत नाई. साधा अर्ज चालते."

पट्ट्या सुटल्यावर अर्ज मीच लिहिला. त्यावर आत्याने चार वेळा अंगठा लावून पाहिला. दर वेळी नुसता काळा डाग उमटला. शेवटी त्या डागाखालीच ऑटोवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली. त्या महिन्यात रेशनच्या मशीनलाही तिचा अंगठा ओळखू आला नाही. जखमा भरेपर्यंत ती माझ्याकडे धनजला राहिली. झोपेत कुणी हाताला हात लावला तरी ओरडून उठायची.

मारहाणीच्या केसमध्ये पुतण्याला लगेच जामीन मिळाला होता. वाशीमच्या सुनावणीला तो पांढरा शर्ट घालून आला. साहेबांसमोर तो रडला. खरंच रडला, नाक वाहेपर्यंत. "पागल झाली हो थे, साहेब. सोताचे हात जाळते. कोन जाळते सोताचे हात? तिची इस्टेट मीच सांभाळली पाह्यजे."

साहेबांनी आत्याला जवळच्या खुर्चीवर बसवलं आणि मोठ्याने विचारलं, "बाई, हात का जाळले?"

आत्या उभी राहिली. "घर देल्लं थे माह्या मर्जीनं देल्लं, साहेब. वावराच्या टायमाले त्यानं माह्यं मनगट धरलं. मले मनगट सोडवता येत नोतं. अंगठा जाळता येत व्हता."

 मग साहेबांनी बक्षीसपत्र मागवून घेतलं आणि त्यातली एक ओळ मोठ्याने वाचली. घर घेणारा, देणाऱ्या बाईचा तहहयात सांभाळ करील आणि तिला अन्न, वस्त्र, औषध देईल. दस्त लिहिणाऱ्याने रिवाज म्हणून ते वाक्य टाकलं होतं. आत्याला वाचता येत नव्हतं. पुतण्याला येत होतं, पण त्याने कधी वाचलं नव्हतं. त्याचं रडणं थांबलं. तो आत्याकडे असा पाहू लागला की शिपाई आपणहून दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

काही महिन्यांनी आदेश आला. बक्षीसपत्र रद्द. घर आत्याचं. पुतण्याने ते ठरलेल्या मुदतीत खाली करायचं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी तो कुऱ्हाड घेऊन वावरात आला. मी मदतीला आले होते; मी आणि आत्या दोडकी तोडत होतो. त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. मांडवाच्या खांबांवर घाव घालत सुटला. सगळा वेल तारांसकट आमच्या अंगावर कोसळला. मी त्याखालून बाहेर आले तेव्हा तो आत्यासमोर कुऱ्हाड उगारून उभा होता. "जमीन पाह्यजे ना तुले? याच जमिनीत गाडतो."

मी त्याच्या अंगावर धावले. कुऱ्हाडीचा दांडा माझ्या डाव्या हातावर बसला आणि आतून काहीतरी मोडल्याचं मला ऐकू आलं. मी त्याच्या मनगटात दात रुतवले. तोंडात रक्त आलं. तो किंचाळत होता आणि मी सोडत नव्हते. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला बरं वाटत होतं. त्याचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या वावरातले लोक धावले. त्यांनी मला त्याच्यापासून ओढून काढलं. त्याला कडेच्या झाडाला बांधून ठेवलं आणि पोलिसांना बोलावलं.

तो काही महिने जेलात होता. आता जामिनावर सुटला आहे. शिरपूरला पाऊल टाकायची त्याला मनाई आहे. आत्याने मांडव पुन्हा उभा केला. अंगठे भरले, पण त्यांनी काही धरता येत नाही, भेंडी ती दोन बोटांच्या चिमटीत धरून तोडते. माझा हात थंडीत ठणकतो.

मागच्या उन्हाळ्यात मला तो वाशीमकडच्या मालेगावच्या स्टँडवर दिसला. रसवंतीवर ग्लास विसळत होता. गाल बसलेले. त्याने मला ओळखलं आणि मान खाली घातली. माझ्या पिशवीत विळा होता. माझा हात त्यावर गेला होता, हे मला बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं.

मी हे आत्याला सांगितलं. ती पालकाच्या जुड्या बांधत होती. हातातली जुडी तिने बांधून खाली ठेवली. मग म्हणाली, "जेवला असन का वं थो?"

मी चहा न पिता उठले आणि पुढची बस धरली.