फोडणीशिवायचे तेरा दिवस

आधीच सांगून टाकते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या अंगात यायचं, तेव्हा बाकीच्या बायका त्यांच्या पाया पडायच्या आणि मी आत जाऊन चहा टाकायचे. या सदरातले अनुभव वाचतानाही 'याला आदल्या दिवशी ताप तर नव्हता ना' हाच प्रश्न माझ्या मनात येतो. तरीही लिहायला बसलेय, कारण माझ्या बाबतीत जे घडलं त्यात ताप कुणालाच नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दुबईत कुसैसला राहत होतो. दुबई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं तिथे काहीच नव्हतं. शारजाच्या हद्दीला लागून असलेली वस्ती — दोन-तीन मजली इमारती, खाली गॅरेज, लाँड्री, मल्याळी माणसाची ग्रोसरी, आणि वर एकेका खोलीत सात-आठ माणसं. बाल्कन्यांत निळे ओव्हरऑल वाळत पडलेले. विमानं इतकी खालून जायची की बोलता बोलता मध्येच थांबावं लागे. पहाटे कंपनीच्या बस लागायच्या आणि माणसं अर्धवट झोपेतच चढायची. आमच्यासारखे फॅमिलीवाले थोडे, बाकी सगळे 'बॅचलर'. गावी तीन मुलं आणि एक सून असलेला माणूससुद्धा तिथे बॅचलरच!

आमचे हे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होते आणि मी घरून डबे द्यायचे. चौदा डबे, बहुतेक सगळे कोकणातले. संध्याकाळी बस आली की ही माणसं आमच्या किचनच्या मागच्या दाराशी येत, रिकामा डबा देत आणि भरलेला नेत. "वैनी, आज काय?" एवढंच बोलणं. पण परत आलेल्या डब्यावरून मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. कुणाचं पत्र आलं नाही, कुणाची सुट्टी नाकारली — उरलेल्या भातावरून ओळखायचे मी. तेवढा गर्व होता मला.

त्यातलाच एक दत्ताराम. संगमेश्वरकडचा, चाळिशीचा, शटरिंग कारपेंटर — म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी लाकडी साचा ठोकणारा. सगळं काम उंचावरचं. दोन वर्षं गावी गेला नव्हता, दोन महिन्यांनी जायचा होता. म्हाताऱ्या आईसाठी जाड ब्लँकेट घेऊन ठेवलं होतं आणि त्याचा रंग कोणता हे मला निदान चार वेळा सांगून झालं होतं.

खोल्यांवर फोन नव्हते, त्यामुळे गावाकडचे निरोप आमच्या लँडलाइनवर यायचे. एका सकाळी नऊला फोन वाजला. दत्तारामचा धाकटा भाऊ होता, गावच्या एसटीडी बूथवरून.

"वैनी, आई गेली. आत्ताच, दहाच्या सुमाराला. पण दादाला सांगू नका."

यात मला नवल वाटलं नाही. तिथली ती रीतच पडून गेली होती. पासपोर्ट कंपनीकडे. रजा मंजूर होणं, पासपोर्ट हातात येणं, तिकीट हे सगळं होईपर्यंत दहावं उरकलेलं असायचं. मग माणूस जाणार नाही तो नाहीच, वर तेच डोक्यात घेऊन कामावर चढणार. त्यापेक्षा सुट्टीवर गेला की घरच्यांनीच सांगायचं. याआधी दोघांच्या घरच्या बातम्या मी अशाच पोटात ठेवल्या होत्या. आपण भलं करतोय असंच वाटायचं. दुपारी यांना फोनवर सांगितलं, तेही म्हणाले, "गप्पच राहा. आठव्या मजल्यावर आहे तो."

संध्याकाळी दत्ताराम आला. डबा दिला आणि खाली बघत म्हणाला, "वैनी, आजपासून माझ्या डब्यात फोडणीचं काही देऊ नका. नुसतं वरण-भात. गोड पण नको."

फोडणी नाही, गोड नाही... आपल्याकडे असं जेवण कधी असतं ते मराठी माणसाला सांगायला नको.

"का हो, दत्तारामभाऊ?"

"पोट बरं नाही."

"माझ्या फोडणीने आजवर कुणाचं पोट बिघडलेलं नाही," मी म्हटलं. तो थोडंसं हसला आणि गेला.

यांच्यावर खेकसले आधी. यांनी मुलीची शपथ घेतली, कुणाला बोललो नाही म्हणून. आणि खरंच, दिवसभर हे तिकडे शहरात, देराच्या ऑफिसात होते, दत्ताराम साइटवर. दोघांची गाठच पडली नव्हती. म्हटलं असेल, पोटच असेल. माणूस सोयीचं ते मानतो.

पण रोज तेच. वरण-भात, वरून काही नाही. दाढी वाढत चालली. खोलीतले म्हणायचे, दत्ताराम खाट सोडून खाली फरशीवर झोपतो. विचारलं तर म्हणे पाठ दुखते. माझी मुलगी दाराशी खेळत असायची, तिनेही विचारलं, "आई, व्हाय इज अंकल सो क्वाएट?" मी तिला आत पाठवलं.

दहाव्या दिवशी तो आला तो डोकं तुळतुळीत करून. "गरमी फार होते," म्हणाला.

तेव्हा मात्र मी घाबरले. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाला निरोप धाडून बूथवर बोलावून घेतलं. विचारलं, "तुम्ही कळवलंत का त्यांना?" तो म्हणाला, "नाय वैनी, पत्रसुद्धा टाकलं नाय. आणि टाकलं असतं तरी पोचायला पंधरा दिवस." आमच्या वस्तीत त्याच्या गावचं दुसरं कुणी नव्हतं. तरीही मी दत्तारामला विचारलं नाही. खरंच पोट आणि गरमी असेल आणि माझ्याच तोंडून निसटलं तर? या भीतीने मी दार उघडायचे, डबा द्यायचे, "सांभाळून जा" म्हणायचे.

तेराव्या संध्याकाळी तो आला. डबा घेतला, पण जाईना. मग म्हणाला, "वैनी, उद्यापासून फोडणी चालेल."

"दत्तारामभाऊ, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाय. म्हणून तर थांबलोय."

दाराशी तेलाच्या डब्यांचा खोका होता, त्यावर तो बसला आणि सांगायला लागला. त्या दिवशी सकाळी साडेआठला साइटवरच्या ड्रममधलं पाणी प्यायला गेला. पहिल्याच घोटाला त्याच्या घरामागच्या विहिरीचं पाणी लागलं.

"आमच्या बावीचं पाणी मी आंधळा झालो तरी ओळखीन, वैनी. तेच. थंड, आणि जांभळीची पानं पडतात त्याचा वास. तीन ग्लास प्यायलो. फोरमन म्हणाला, क्या बात है, आज बहुत प्यास लगी है. चौथा ग्लास घेतला, तर आपलं रोजचं टाकीचं पाणी. तेव्हा समजलो, आई गेली."

साडेआठ. तिथे राहणारा प्रत्येक माणूस दीड तास मिळवून गावचं घड्याळ बघतो. गावी दहा वाजले होते.

मी रडायला लागले. म्हटलं, "मला त्याच दिवशी फोन आला होता. तुमच्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे. तुमचा चेहरा बघितला ना त्या संध्याकाळी." "मी रोज वाट बघत होतो. आज वैनी सांगतील, आज सांगतील. कुणी सांगितल्याशिवाय रडायचं कसं? खोलीत आठ माणसं. विचारलं असतं, कशावरून रडतोस, तर काय सांगणार होतो? पाण्यावरून?"

आणि मग तो रडला. पंधरा-वीस मिनिटं, माझ्या किचनच्या दारात, मुंडण केलेलं डोकं दोन्ही हातांत धरून. डबे न्यायला आलेले बाकीचे गॅरेजच्या भिंतीपाशीच उभे राहिले.

पुढे सुट्टीवरून परत आल्यावर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. शेवटी भाऊ आईच्या तोंडात पाणी घालायला गेला, तर तिने ओठ मिटून घेतले होते. "त्याला दे," एवढंच म्हणाली. कुणाला ते तिथे कुणालाच समजलं नव्हतं.

मी खूप डोकं चालवलंय. योगायोग म्हणावा, तर एखाद्या दिवशी पाणी गोड लागलं म्हणून कुणी तेरा दिवस सुतक पाळत नाही. नंतर आम्ही कुसैस सोडलं, शारजात अल मजाजला गेलो, मग भारतात आलो. दत्तारामचा पत्ता आता नाही माझ्याकडे. ते पाणी तिथे कसं पोचलं, मला सांगता येत नाही आणि कुणी सांगेल अशी आशाही उरलेली नाही.

पण खरं सांगू? त्याची आई समुद्र ओलांडून त्याच्यापर्यंत पोचली. मला फक्त दारात उभं राहून चार शब्द बोलायचे होते, आणि तेरा दिवस मी त्या माणसाला वरण-भात देऊन परत पाठवत राहिले.